शेंगांच्या दुधाचा चहा

मोठ्या दुष्काळाच्या साली मी खंडोबाच्या देवळासमोर भंडारा उचलला आणि आमच्या सबंध घराचं दूध सोडून टाकलं. घराला विचारलं नव्हतं.

एकट्यापुरतं सोडलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण त्या सकाळी गावची जनावरं शेवगावजवळच्या छावणीला निघाली होती, त्यांत आमची गाय हरणीही होती, आणि तिला पोचवायला निम्मं गाव देवळापुढं जमलेलं होतं. शाळेत मला वक्तृत्वाची ढाल मिळालेली. ढाल मिळालेल्या माणसाला चार माणसं एकत्र दिसली की घशात खवखवायला लागतं. हरणीच्या बरगड्या मोजता येत होत्या, वडील, म्हणजे आमचे दादा, तिचं दावं धरून खाली मान घालून उभे होते, बायका पदरानं डोळे पुसत होत्या. मला वाटलं, आता कुणीतरी बोललं पाहिजे. मी पायरीवर चढलो आणि बोललो. पुस्तकी मराठीत बोललो. म्हणालो, "जोपर्यंत ही गोमाता पुन्हा आमच्या दावणीला उभी राहत नाही, तोपर्यंत आमच्या घरात दूध, दही, ताक, लोणी, तूप यांचा थेंबही येणार नाही!" कुणीतरी "वा रे पठ्ठ्या!" म्हणालं. तिथंच थांबलं असतं तर ते भाषणच राहिलं असतं. पण आमच्या देवळाचा गुरव सरळ माणूस. कुणी काही बोललं की ते खरंच मानायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्यानं भंडाऱ्याचं ताट माझ्यापुढं केलं आणि म्हणाला, "मंग उचल की." सगळं गाव बघत होतं. मी मूठभर हळद उचलली, कपाळाला लावली, आणि झालं. भंडारा हातात घेऊन बोललेलं आमच्याकडं परत घेता येत नाही. कोर्टात खोटं बोललेले लोक मी पाहिलेत. भंडारा उचलून खोटं बोललेला अजून पाहिला नाही.

 आईला आम्ही बाई म्हणायचो. घरच्या दारात आल्यावर तिनं कमरेवरची घागर खाली ठेवली आणि एकच विचारलं, "आन माजा चहा?"

बाईला दुसरं कसलंही व्यसन नव्हतं, हौस नव्हती. लुगडं फाटलं तर दंड घालून नेसायची, जत्रेत पाळण्यात बसायची नाही. पण सकाळचा दुधाचा चहा तिला लागायचा. हरणी आटल्यापासून शेजारच्या सोनाकाकू त्यांच्या शेळीचं फुलपात्रभर दूध तिच्यासाठी बाजूला ठेवायच्या. माझ्या भाषणात ते फुलपात्रही गेलं. तिला वाटलं असतं तर सोनाकाकूंच्या ओट्यावर बसून ती प्याली असती. शपथ घराची होती, ओट्याची नव्हती. मीच तसं सुचवलं. तर म्हणाली, "देवाला काय वकील लावून फसवितो का रं?" दुसऱ्या दिवसापासून ती गुळाचा कोरा चहा प्यायला लागली. तक्रार केली नाही. म्हणजे एका कपाला एक, एवढीच केली.

आणि शिक्षा म्हणून चूल माझ्याकडं आली. तसं कारणही होतं. बाई आणि माझी थोरली बहीण इंदूअक्का दोघी तलावाच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला आणि माती वाहायला जायच्या. मीही गेलो होतो, एकच दिवस. पहिलीच पाटी मी मुकादमाच्या पायावर ओतली. त्यानं मला हाताला धरून रस्त्यापर्यंत आणून सोडलं आणि बाईला निरोप दिला की पोराला घरी राहू द्या, तलाव नंतर पण लागणार हाय. मॅट्रिक झालो होतो, कॉलेज पाऊसपाण्यावर लांबणीवर पडलेलं, दादा हरणीबरोबर छावणीत. घरात रिकामा मीच. बाई म्हणाली, "बोलणारं तोंड तुजं, तवा चूल बी तुजी. आमी दोघी दमून येतो, आमाला गरम खायला पायजे. आन दुधाबिगर काय करायचं त्ये तूच बघ."

काय करायचं हे मला खरोखरच माहीत नव्हतं. तोवर माझी समजूत अशी की जेवण म्हणजे भाकरी कुस्करायची, वर दूध ओतायचं आणि मीठ टाकायचं. मटण आमच्याकडं जत्रेपुरतं, आणि त्या साली जत्राही नावालाच झाली. कोंबड्या बाईला आवडायच्या नाहीत. तेव्हा राहिलं काय, तर मडक्यातले हुलगे, थोड्या शेंगा, तिखट, मीठ, आणि उतरंडीत कुठं कुठं बाईनं वाळवून ठेवलेल्या वस्तू. मी पहिल्या दिवशी हुलग्याचे शेंगोळे करायला घेतले. हुलग्याच्या पिठात लसूण, जिरं, तिखट वाटून घालायचं, घट्ट मळायचं, हातावर करंगळीएवढे वळायचे आणि उकळत्या पाण्यात सोडायचे. मी ते गार पाण्यात सोडले आणि मग जाळ लावला. संध्याकाळी बाई आणि अक्का आल्या तेव्हा पातेल्यात करड्या रंगाची खळ तयार होती. अक्कानं पळी उभी केली. ती उभीच राहिली. "भिंतीला चिरा पडल्यात तिकडं लाव," ती म्हणाली. पण त्या दोघींनी ते खाल्लं. दिवसभर खडी फोडलेला माणूस किती काय खाऊ शकतो ते मी त्या संध्याकाळी पाहिलं, आणि मान खाली घातली. माझी मान त्या काळात सहसा खाली जात नसे.

दुसऱ्या दिवशी बाईनं कामावर निघताना उंबऱ्यातून सांगितलं, "पाणी खळाखळा उकळू दे, मंग एकएक सोड. आन ढवळू नको, तुला लई घाई." असं रोज उंबऱ्यातून एकेक मिळत गेलं. सांडगे तेलात आधी परतून घ्यायचे. कारळं भाजताना तडतड थांबली की काढायची. येसर म्हणजे डाळी, गहू, बाजरी आणि मसाले भाजून दळून ठेवलेलं पीठ. त्याची चिमूट आमटीत पडली की पाण्याला अंग येतं. हे सगळं सांगून ती निघून जायची आणि मी दिवसभर एकटा. त्या दिवसांचे आवाज अजून कानात आहेत. गोठा गप्प. हरणीच्या गळ्यातली घंटा खुंटीला टांगलेली, वारा आला की एकदाच टण् करायची आणि मी उगाच दाराकडं बघायचो. गाय गेली तशा गोवऱ्याही गेल्या, म्हणून मागच्या सालच्या पळाट्या जाळायच्या; त्या कपाशीच्या काड्या भुर्रकन पेटतात आणि भुर्रकन विझतात, चुलीपुढून उठताच येत नाही. फुंकून फुंकून माझे डोळे तांबडे व्हायचे. गावात काही दिवस बातमी होती की रंगनाथ हरणीसाठी रोज रडतो. मी ती खोडली नाही.

मित्र जेवायला यायला लागले ते कसे, ते नीट सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. युसुफ आणि दगडू, दोघं माझ्या वर्गातले. युसुफचे वडील गाद्या पिंजायचे. त्या साली कोण गादी भरतो, म्हणून युसुफ तलावावर पाटी टाकायला जायचा. दगडू आमच्या वस्तीशेजारचा, शेतकऱ्याचा पोरगा, बोलायला कमी आणि जेवायला जास्त. एका संध्याकाळी दोघं बाई-अक्कांबरोबर कामावरून येताना दारात थबकले. मी काळ्या मसाल्याची शेंगदाण्याची आमटी केली होती आणि पहिल्यांदाच तिला वास येत होता. दगडू दारातून हलेना. बाईला त्याचं पोट कळलं आणि आमच्या टोपल्यात भाकरी किती आहेत तेही कळलं. ती म्हणाली, "कालवणाला काय, घोटभर पानी वाढिवता येतं. भाकरी तेवढी घरून घिऊन या." दोघं पळत गेले आणि फडक्यात आपापली भाकरी बांधून आले. तोच मग आमच्या घरचा रिवाज झाला: कालवण आमचं, भाकरी ज्याची त्याची. कधी दोघं, कधी चौघं. दिवेलागणीला चुलीभोवती बसायचं, प्रत्येकाची भाकरी वेगळी. दगडूच्या आईची जाड, मध्ये बोट रुतेल अशी. युसुफच्या अम्मीची पातळ आणि ताटाबाहेर जाणारी. आमची रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीची, अक्का थापायची. ती गार झाली की तिच्यानं खिळा ठोकता आला असता. युसुफची अम्मी अधूनमधून त्याच्याबरोबर भाजलेलं खोबरं किंवा वाटलेला मसाला पाठवायची, "उस पकानेवाले लडके को दे" म्हणून. मला हे नाव फार आवडायचं. मी लवकरच असा समज करून घेतला की तालुक्यात माझ्यासारखी आमटी होत नाही.

मागं पुण्याला नातीकडं गेलो होतो. ती दूधदुभतं खात नाही, अंडं नाही, काही नाही. तिनं मला मोठ्या अभिमानानं बदामाच्या दुधाचं खोकं दाखवलं. मी म्हटलं, हे आम्ही त्या सालीच करून बसलोय. ती म्हणाली, "आजोबा, म्हणजे तुम्ही व्हीगन होतात?" मी हो म्हणालो. तिनं कौतुकानं मैत्रिणींना सांगितलं. भंडाऱ्याचं मी सांगितलं नाही. माणसानं चारचौघांत उगाच किती बोलावं! आता बदामाच्या नव्हे, शेंगांच्या दुधाकडं येतो.

दुष्काळ अर्ध्यावर असताना अक्काला स्थळ आलं. संगमनेरकडचं, प्रवरेच्या अंगचं गाव. मुलाचे वडील गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन, आणि शेताला पाटाचं पाणी. बाईनं बाकी काही ऐकलंच नाही. पोरगा काळा का गोरा, शिकला किती, हे तिनं विचारलं नाही. "पाट बारा महिने वाहातो का?" एवढंच विचारलं, आणि वाहातो म्हटल्यावर ती भिंतीला टेकून बसली. त्या साली आमच्या विहिरीत पोहरा खाली आपटल्याचा आवाज यायचा. बाई आणि अक्का पहाटे टँकरपुढं घागरी लावून बसायच्या, आणि परत येऊन कामावर जायच्या. बाई मला म्हणाली, "रंग्या, माजं गेलं आयुष्य पोहऱ्यात. इंदीचं तरी जाऊ नये. एवढं एक झालं की मला कायबी नको." असं ती माझ्याशी कधी बोलत नसे. मी म्हटलं, बाई, तू काळजी करू नको, जेवण मी बघतो. तिच्या चेहऱ्यावर काळजी दिसली ती तेव्हापासून.

कारण पाहुणे म्हणजे चहा. आणि चहा म्हणजे दूध. दुधाच्या चेअरमनला आपल्या दारात कोरा चहा द्यायचा म्हणजे घरी बोलावून थोबाडीत मारण्यासारखं. जेवणातही पोळीवर तूप नाही, वाटीत दही नाही. लोक म्हणणार, घर बुडालं. अक्का चुलीपुढं येऊन उभी राहिली आणि दातओठ खात म्हणाली, "तुज्या एका भाषणापायी माजं लगीन मोडलं ना रंग्या, तर मी जलमभर हितंच बसंन. आन तुज्याच हातचं खाईन. आन रोज नावं ठेवीन." मला तिच्या आधीच्या वाक्यांपेक्षा शेवटच्याची भीती वाटली.

तेव्हा मला ती कल्पना सुचली. शेंगा वाटताना पाट्यावरून पांढरं पाणी ओघळतं हे मी कित्येकदा पाहिलं होतं. मी मूठभर शेंगदाणे रात्रभर भिजवले, सालं काढली, पाट्यावर लोण्यासारखे वाटले, पाण्यात कालवले आणि दादांच्या जुन्या धोतराच्या फडक्यातून पिळले. खाली पातेल्यात शुभ्र दूध! मी ते दगडूला दाखवलं. त्यानं बोट बुडवून चाटलं आणि बराच विचार करून म्हणाला, "शेंगा." मी म्हटलं, आलं ठेचून घातलं की कुणाच्या बापाला कळणार नाही. युसुफ म्हणाला, "रंग्या, तो माणूस दुधाचा चेअरमन हाय." मी म्हटलं, म्हणूनच. त्याच्या डोक्यात दुसरं काही येणारच नाही. आजही हा युक्तिवाद मला तसा बरा वाटतो.

पाहुणे जीपमधून आले. दादा आदल्या दिवशी छावणीतून आले होते. हरणी शेजारच्या गावच्या एका माणसावर सोपवून. चेअरमन म्हणजे भरघोस मिशांचा, पांढऱ्या टोपीचा, सावकाश बोलणारा माणूस. बरोबर मुलगा, खाली मान घालून बसलेला. युसुफ आणि दगडू घरचेच असल्यासारखे इकडून तिकडं करत होते. अक्का चहा घेऊन आली. मी दारामागून बघत होतो. चहाचा रंग अगदी झकास आला होता. मुलानं कप उचलला आणि एका दमात संपवला. तो इतका घाबरलेला होता की त्याला रॉकेल दिलं असतं तरी कळलं नसतं. चेअरमननी मात्र एक घोट घेतला आणि थांबले. दुसरा घेतला. बशीत थोडा ओतला, बशी तिरकी करून कडेला राहिलेला ओघळ पाहिला. वास घेतला. त्यांचं सगळं आयुष्य सोसायटीच्या दारात लोकांच्या किटल्या नाकाशी धरण्यात गेलेलं. 

"गाईचं न्हाई," ते स्वतःशीच म्हणाले. "म्हशीचं तर न्हाईच. शेळीचं बी न्हाई." मग मान वर करून सरळ दादांना विचारलं, "पाव्हनं, ह्ये कंच्या जनावराचं?"

दादा चहाकडं बघायला लागले. दादांना काही माहीतच नव्हतं. बाईनं डोळे मिटले. आणि दगडू, जो दिवसचे दिवस बोलत नसे, तो खांबाला टेकून म्हणाला, "शेंगाचं."

मला बाहेर यावंच लागलं. मी सगळं सांगितलं. भाषण, गुरव, भंडारा, हरणी. ढाल मिळालेला मी, पण त्या दिवशी वाक्याला वाक्य लागत नव्हतं. चेअरमन ऐकत राहिले. मग त्यांनी बाईकडं पाहिलं. "वैनी, म्हंजी हा बोलला आन तुमी समदे पाळताय?"

"बोललाय देवाच्या दारात," बाई म्हणाली. "पोरगं येडं हाय म्हनून देव येडा का करायचा?"

 चेअरमननी बशी खाली ठेवली. "जेवाय वाढा," म्हणाले, आणि त्या आवाजावरून काहीच कळेना.

मी आत गेलो तर बाईच्या टोपल्यात सकाळी होत्या त्याच्या चौपट भाकरी होत्या. मला वाटलं, चुकीच्या घरात आलो. आमच्या डब्यात भाकरीला मिलोचं पीठ सोडून काही नव्हतं, आणि पाहुण्यांना मिलो वाढायचा म्हणून बाई सकाळपासून कुढत होती. दगडूच्या आईनं बाजरीच्या दिल्या होत्या. सोनाकाकूंनी शाळूच्या, पांढऱ्या शुभ्र. शाळू त्या साली कुणाकडं होता देव जाणे. युसुफच्या अम्मीच्या त्या मोठ्या पातळ भाकरी सगळ्यांत खाली, फडक्यात गुंडाळलेल्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. युसुफ म्हणाला, "रिवाजच हाय ना. कालवण तुमचं, भाकरी ज्याची त्याची." त्या दिवसांत एकेका घरानं आपल्या ताटातली किती काढून ठेवली असेल हे मला त्या वेळी समजलं नाही. मला आनंद एवढाच झाला की माझ्या शेंगोळ्यांना शोभेल अशी भाकरी आली. 

जेवायला शेंगोळे, येसराची आमटी, परतलेले सांडगे, कारळ्याची चटणी, आणि गोड म्हणून भरडलेल्या गव्हाची गुळातली लापशी, तुपाऐवजी शेंगतेलावर भाजलेली. चेअरमन हळूहळू जेवत होते. एक बाजरीची घेतली, अर्धी शाळूची घेतली. मग टोपल्याकडं वाकून बघितलं आणि म्हणाले, "ह्या एका हातच्या न्हाईत."

आता हे दुसरं! मुलगी पाहायला आलेल्या माणसाला मुलीच्या हातचं खायला घालायचं असतं. बाईच्या हातातली पळी आमटीतच राहिली. अक्का मात्र बिचकली नाही. खडी फोडून तिच्या तळव्यांना घट्टे पडलेले, आणि आवाजालाही थोडे पडले होते. ती म्हणाली, "न्हाईत. चार घरच्या हायत. त्या मिलोच्या तेवढ्या माज्या. कालवण आमच्या रंग्याचं. मी तलावावर जाते. मला सैपाक येतो, पर सध्या वेळ न्हाई." वेळ नाही, असं सांगणारी नवरी मुलगी आमच्या भागात तोवर कुणी पाहिली नसावी. मुलानं पहिल्यांदा मान वर केली आणि तिच्याकडं पाहिलं.

"आन ही पातळ?" चेअरमननी फडक्यातली भाकरी उचलली. "ही कुणाच्या घरची?"

युसुफ पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. तो तिथंच थांबला. खेड्यात सगळे एकमेकांच्या ओट्यावर बसतात, पण बाहेरगावच्या पाहुण्याच्या ताटाचं काय, हे कुणी सांगावं. "माज्या अम्मीची," तो म्हणाला. "आमी पिंजारी."

चेअरमननी ती भाकरी मधोमध मोडली, अर्धी मुलाच्या ताटात टाकली, आणि उरलेली आमटीत कुस्करायला घेतली. "अशी पातळ आमच्यात कुनालाच जमत न्हाई," एवढंच म्हणाले. युसुफनं त्यांना पाणी वाढलं. पेला भरून वाहिला तरी तो वाढतच होता.

सगळं ठीक चाललं होतं. मला तिथं गप्प बसायला काय झालं होतं? पण मला कुणी माझ्या कालवणाचं काही म्हणेना, आणि भाकरीचं एवढं कौतुक झालेलं. मी पुढं होऊन म्हणालो, "आणि कालवण कसं झालंय, चेअरमनसाहेब?" अक्कानं माझ्याकडं जे पाहिलं ते अजून माझ्या पाठीत आहे. चेअरमननी हात धुतले, मिशा पुसल्या, पान घेतलं. "कळवतो," म्हणाले. कालवणाबद्दल का मुलीबद्दल, तेही सांगितलं नाही. दादांना छावणीवर सोडतो म्हणून जीपमध्ये घेतलं, आणि धुरळा उडाला.

'कळवतो' म्हणजे नाही, हे आमच्याकडं पोरासोरांनाही माहीत होतं. त्यानंतरचे दिवस मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. अक्का माझ्याशी बोलत नसे. नावंही ठेवत नसे, हे जास्त वाईट. बाई सकाळी कोरा चहा प्यायची आणि त्याबद्दल काही म्हणायची नाही. ती कपामागची तक्रार बंद झाली तेव्हा मला कळलं की माझं घर कशावर चाललं होतं. मित्र संध्याकाळी भाकरी घेऊन यायचे, मी कालवण करायचो, सगळे मुकाट जेवायचे. एकदा दगडू म्हणाला, "मी 'शेळीचं' म्हनायला पायजे हुतं." ते त्याचं त्या दुष्काळातलं सगळ्यात मोठं वाक्य. युसुफनं त्याच्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, मी यांचा मित्र कसा झालो? माझ्यात काय पाहिलं यांनी?

मग एका संध्याकाळी दादा चालत आले. छावणीपासून चालत. उंबऱ्यात बसले, पाय चोळले, पाणी प्याले. दादांना कुठलीही गोष्ट लवकर सांगता यायची नाही. म्हणाले, "त्या दिशी जीप छावणीवर थांबली. चेअरमन उतरले. म्हनले, ती गाय दाखवा. हरणीच्या पाठीवरनं हात फिरिवला. बराच येळ फिरिवला. मंग गेले."  "आन?" बाई म्हणाली. "आन काय. आज माणूस आल्ता त्यांचा. पोरगी पसंत हाय म्हनले."

बाई उठून आत गेली. आत जाऊन तिनं काय केलं ते मला माहीत नाही. बाहेर येताना तिनं चेहरा धुतलेला होता, आणि त्या दिवसांत पाण्यानं चेहरा धुणं ही लहान गोष्ट नव्हती. अक्का माझ्याशी बोलली. "आमटी जरा पातळ हुती त्या दिशी," म्हणाली. मला बरं वाटलं.

पुढं पाणीपाऊस झाला, हरणी घरी आली, खुंटीवरची घंटा पुन्हा तिच्या गळ्यात गेली. ती व्यायली तेव्हा पहिला दुधाचा चहा मी स्वतः केला आणि बाईपुढं ठेवला. सगळे बघत होते. युसुफ, दगडू, सोनाकाकू. बाईनं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि कप माझ्याकडं सरकवला. "मेली सवयच मोडली. पचपचीत लागतंय." ती शेवटपर्यंत गुळाचा कोरा चहाच प्यायली. मला कधी वाटतं ती मला अपराधी वाटू नये म्हणून तसं म्हणाली, आणि कधी वाटतं खरंच तिला तो आवडायला लागला. दोन्हींपैकी काहीही असो, मी तिचा ऋणी आहे.

आणि माझी खात्री अशी होती की अक्काचं लग्न माझ्या येसराच्या आमटीनं जमलं. हे मी बरीच वर्षं लोकांना सांगत आलो. एकदा प्रवरेकाठी अक्काच्या घरी गेलो होतो. अंगणापलीकडं पाट वाहत होता, अक्का माझ्या चुका मोजत भाकरी थापत होती, आणि चेअरमन आता म्हातारे होऊन बाजेवर बसलेले. मी त्यांच्याजवळ सरकलो आणि लाडानं विचारलं, "मामा, खरं सांगा, त्या दिवशी तुम्ही हो म्हणालात ते कशामुळं?"

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "त्या टोपल्यातल्या भाकरी बघितल्या," म्हणाले, "तवाच निम्मं ठरलं हुतं. म्हनलं, असल्या साली ज्यांच्या चुलीला शेजार भाकरी घालतो, ती मानसं बरी असत्याल."

"आणि उरलेलं निम्मं?" मी विचारलं, आणि सावरून बसलो.

"उरलेलं तुज्यामुळं," चेअरमन म्हणाले. "म्हनलं, ज्या पोरीनं ह्या येड्याला एवढा काळ सोसलाय, तिला आमच्या घरातलं काय जड जानार हाय?"